भुशाची सोयरीक

न्हाणीघराची चौकट सडली की हल्ली सुतार सागाचं नावच काढत नाही. "डब्ल्यूपीसीची बसवू या, पाण्याला भीत नाही आणि वाळवी तोंड लावत नाही," असं म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला आडव्या बांधून गुळगुळीत, जडशीळ पट्ट्या घेऊन हजर होतो. करवत लावली की भुसा पडतो, रंधा मारला की चालतो, स्क्रू पिळला की घट्ट बसतो. पण तो भुसा चिमटीत धरून हुंगावा तर सागाचा वास नाही, चिंचेचा नाही, कसलाच नाही. लाकूड म्हणावं तर लाकूड नाही, प्लास्टिक म्हणावं तर निव्वळ तेही नाही. त्या इंग्रजी अक्षरांमागे, म्हणजे ‘वुड-प्लास्टिक कंपोझिट’मागे, दोघांना एकत्र नांदवण्याची मोठी लांबण आहे, आणि ती लांबण मला फार आवडते. तेव्हा पाय मोकळे सोडून बसा, दिव्याची वात थोडी वर करा, सावकाश सांगतो.

प्लास्टिकच्या आधी झाडाकडे जायला हवं, कारण ही विद्या मुळात झाडाची. घरात कालचा पेपर पडलाच असेल. त्याचा एक तुकडा उभा फाडा, मग दुसरा आडवा फाडा. एका दिशेने तो सुतात फाटत जातो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, मनाला येईल तिकडे वळतो. पूर्वी वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागायची, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, कागदाकडे न बघता, बरोबर सरळ फाटणारी बाजू पकडायचा. बोटांनाच ती ठाऊक झालेली असायची. आता ती वेडीवाकडी फाटलेली कड दिव्यासमोर धरा आणि अगदी नाकाजवळ आणून बघा. कडेवर बारीक, पांढुरकी लव उभी राहिलेली दिसेल. त्या लवेतला एकेक धागा म्हणजे कधीकाळी झाडाच्या खोडात उभी असलेली एकेक पेशी. कागद यंत्रावर पळत असतो तेव्हा बरेचसे धागे पळण्याच्या दिशेने आडवे होतात, म्हणून त्या दिशेने तो सरळ फाटतो. पाइनच्या झाडातला असा धागा तीनेक मिलिमीटर लांब भरतो आणि त्याची रुंदी लांबीच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकी असते. साग-बाभळीसारख्या झाडांत तो मिलिमीटरभराच्या आसपास.

धागा म्हटला तरी तो भरीव नाही, पोकळ नळी आहे, आणि सगळी गंमत त्या नळीच्या भिंतीत आहे. भिंत बनते सेल्युलोजची. हे सेल्युलोज 1838 साली आन्सेल्म पायां नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा वेगळं काढून दाखवलं, आणि पुढे कळलं की ते ग्लुकोजच्या, म्हणजे साध्या साखरेच्या, हजारो कणांची लांबच लांब साखळी आहे. ज्वारीच्या पिठातल्या स्टार्चमध्येही तीच साखर. फरक एवढाच, की एक कण दुसऱ्याला जोडण्याची तऱ्हा निराळी. पण तेवढ्या फरकाने भाकरी आपल्या पोटात जिरते आणि पाट जिरत नाही. वाळवीला तो जिरतो, कारण तिच्या आतड्यातले सूक्ष्मजीव ती निराळी गाठ सोडवून देतात.

तर या साखळ्या शेजारी शेजारी बसून त्यांचे अतिसूक्ष्म दोर होतात आणि ते दोर नळीच्या भिंतीत मळसूत्री वळत वर चढतात. अशा दोराचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून जास्त भरतो, आणि वजन मात्र पोलादाच्या पाचव्या हिश्शाइतकं. म्हणजे वजनाला वजन लावून बघाल तर साखरेची साखळी पोलादाला मागे टाकते! मळसूत्री वळणाचं कारणही मोठं सुंदर आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात जेम्स गॉर्डन आणि जॉर्ज जेरोनिमिडिस या दोघांनी त्याचा छडा लावला. लाकूड ताणलं की त्या नळ्या तटकन तुटत नाहीत. वळण असल्यामुळे त्यांच्या भिंती आत मुडपतात, पीळ सुटत जातो आणि तडा पुढे सरकायला बरीच ताकद खर्च करावी लागते. काडेपेटीतली एक काडी मोडून बघा. दोन तुकडे झाले तरी मध्ये चार कुसळं एकमेकांना धरून असतात, ती याच कारणाने.

पण नुसत्या दोरांनी झाड उभं राहत नाही. दोर ताणाला जबरा, दाबलं की वाकणार. म्हणून झाडाने त्यांच्यामध्ये लिग्निन नावाचं तपकिरी, कडक द्रव्य भरलं. आता अडचण बघा. सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ आणि लिग्निनला तिटकारा. हे दोघे थेट एकमेकांना धरायला राजी नाहीत. तेव्हा झाडाने तिसरंच एक द्रव्य मध्ये घातलं, हेमिसेल्युलोज. ते एका अंगाने सेल्युलोजला चिकटतं आणि दुसऱ्या अंगाने लिग्निनशी पक्की गाठ मारतं. दोन घरांचं जमत नसलं की दोन्हीकडे बसण्याउठण्याचा मान असलेला कुणी मध्यस्थ पुढे होऊन सोयरीक जुळवतो, तसंच हे. पुढे माणसाला प्लास्टिकमध्ये लाकूड घालायचं झालं तेव्हा त्याला बरोबर असाच मध्यस्थ शोधावा लागला. पण त्याला वेळ आहे. मधला इतिहास आधी ऐका, तो टाळण्यासारखा नाही.

कशात तरी धागे मिसळून ते बळकट करायचं, ही समज तशी फार जुनी. आपल्याकडे मातीची भिंत घालताना चिखलात भुसकट नाहीतर भाताचा पेंढा घालून तो चांगला तुडवतात; माती वाळताना आक्रसते आणि तडा जाऊ बघतो, तेव्हा काडी त्याच्या वाटेत आडवी असते. इजिप्तमधल्या कच्च्या विटांतही अशी काडं सापडतात. प्लास्टिकचा नंबर फार उशिरा लागला, आणि तिथे आपल्या रानातली लाख आडवाटेने गोष्टीत शिरते. पळस, कुसुम, बोर या झाडांवर एक किडा राहतो, तो लाख करतो. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना हे सांगायला नको. विजेचा जमाना सुरू झाला तसं तारा आणि यंत्रं यांवर लेप द्यायला जगभर लाख लागू लागली, आणि ती जायची प्रामुख्याने हिंदुस्थानातून. किडा तो, त्याच्या सवडीने काम करणार. मागणी मात्र थांबेना. बेल्जियममधल्या गेंट गावच्या एका चांभाराचा मुलगा, लिओ बेकलंड, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ याँकर्सला स्थायिक झाला होता. घराशेजारीच त्याची प्रयोगशाळा. लाखेला पर्याय शोधता शोधता त्याने फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड दाबाखाली तापवलं आणि 1907 साली त्याच्या हाती जे आलं ते बेकेलाइट. पूर्णपणे कृत्रिम असं जगातलं ते पहिलं प्लास्टिक.

पण नुसतं बेकेलाइट ठिसूळ. टेबलावरून पडलं की तुकडे. मग त्यात काय घातलं असेल? लाकडाचं पीठ! गिरणीतला भुसा बारीक दळून, वाळवून त्यात कालवला आणि ठिसूळपणा पुष्कळ कमी झाला. वस्तू साच्यात कमी आक्रसू लागली, आणि स्वस्तही पडू लागली. तुमच्या आजोळी काळा, जड, तबकडी फिरवायचा टेलिफोन असेल, जुन्या वाड्यातली विजेची काळी गोल बटणं आठवत असतील, तर त्या काळ्या द्रव्यात झाडाचा मोठा वाटा होता हे ध्यानात घ्या. इथे मध्यस्थाची गरज पडली नाही, आणि का पडली नाही हे मोठं मजेदार आहे: झाडातलं लिग्निन हेही जातीने फेनॉलचंच. दोघांचं कूळ जवळचं, त्यामुळे बेकेलाइट लाकडाच्या कणात मुरलं आणि घट्ट बसलं. पूर्व जर्मनीत त्स्विकाऊ गावच्या कारखान्यात 1957 पासून 1991 पर्यंत ट्राबांट नावाची मोटार निघत होती. पोलादाचा पत्रा मिळेना म्हणून तिचं अंग याच कुळातल्या राळेत कापसाच्या गिरणीतले टाकाऊ धागे दाबून केलेलं असायचं. कापूस म्हणजे तरी काय, जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. अशा मोटारी त्यांनी तीस लाखांवर काढल्या आणि त्या रस्त्यावर पळाल्या.

बेकेलाइटचा दोष असा, की एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. पुढची प्लास्टिकं निघाली ती वितळणारी. 1933 च्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट दुसराच काही प्रयोग करत होते, दाबाच्या भांड्यात इथिलीन वायू भरला होता, आणि सकाळी भांडं उघडलं तर तळाशी पांढरट, मेणचट असं काहीतरी बसलेलं. ते पॉलिइथिलीन, आज ज्याच्या पिशव्या गटारं तुंबवतात ते. मग पॉलिप्रॉपिलीन आलं, ज्याच्या बादल्या आणि खुर्च्या घरोघरी आहेत. ही दोन्ही स्वस्त, चिवट आणि दीडएकशे अंशांच्या आसपास वितळणारी. हा शेवटचा गुण लाकडाला मानवणारा, कारण दोनशे अंशांच्या वर लाकूड करपायला लागतं. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक अडीचशेच्या वर वितळतं, म्हणून ते इथे चालत नाही; त्यात भुसा घातलात तर कोळसा हाती येईल.

आता वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये भुसा कालवला की काय होतं? वरून सगळं छान दिसतं. पट्टी निघते, तिला आकार येतो, ताठपणाही येतो. पण पट्टी मोडून मोडलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पितळ उघडं पडतं. एकीकडे लाकडाचे तंतू बाहेर डोकावत असतात, अगदी स्वच्छ, कोरडे, प्लास्टिकचा एक कणही अंगाला लागलेला नाही. आणि समोरच्या तुकड्यात ते जिथून उपटून आले तिथे गुळगुळीत भोकं. कुणी कुणाला धरलंच नव्हतं! लाकडाच्या अंगावर पाण्याला ओढणारी टोकं असंख्य, आणि हे प्लास्टिक जन्माचं मेणचट, पाण्याचा थेंब अंगावर टिकू न देणारं. दोघे एका घरात राहिले, एवढंच.

इथे मध्यस्थ येतो. पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळीला अधूनमधून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड नावाच्या रसायनाच्या गाठी मारून तो तयार करतात. त्या गाठी लाकडाच्या पाणीओढ्या टोकांशी रासायनिक बंध जोडतात, आणि साखळीची शेपटं शेजारच्या प्लास्टिकमध्ये गुंतून बसतात, कारण ती त्याच जातीची. शंभर किलोला तीनेक किलो घातलं तरी पुरतं. मग तीच पट्टी मोडून बघा: तंतू उपटून येत नाहीत, जागच्या जागी तुटतात, आणि तुटलेल्या टोकांना प्लास्टिक लिडबिडलेलं असतं. जे काम हेमिसेल्युलोज कोट्यवधी वर्षं झाडात करत आलं, तेच हे.

याची मोजणीही झालेली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहरी 1910 पासून सरकारची एक प्रयोगशाळा आहे, तिथे आयुष्यभर लाकूड एके लाकूड करणारी माणसं बसतात. त्यांचे आकडे मी तुम्हाला आपल्या हिशेबात सांगतो. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनची एक चौरस सेंटिमीटर छेदाची पट्टी ओढली तर ती सुमारे 290 किलोंना तुटते. शंभरात चाळीस भाग लाकडाचं पीठ घातलं तर ताठपणा अडीच पट होतो, पण तुटते ती 260 किलोंनाच. म्हणजे भर घालून ताकद घटली. मध्यस्थ घातला की 330 वर जाते. आणि आता जीव कानात आणून ऐका. पिठाऐवजी तितकेच लाकडाचे अख्खे तंतू घातले, मध्यस्थाविना, तर आपली पुन्हा 290 च्या आसपास. पण तंतू आणि मध्यस्थ दोन्ही असले तर 530! जवळजवळ दुप्पट. नुसत्या लांबीने भागलं नाही, नुसत्या बंधानेही फारसं भागलं नाही. दोन्ही जुळले तेव्हा झाडातलं बळ प्लास्टिकात उतरलं.

असं का, याचं गणित 1952 साली एच. एल. कॉक्स नावाच्या इंग्रजाने मांडलं, आणि ते मांडताना त्याच्यासमोर होता कागद, तोच आपण मघाशी फाडला तो. धाग्यावर भार टोकाने येत नाही, तो बाजूने येतो. भोवतालचं द्रव्य धाग्याच्या अंगाला घासून, ओढून त्याच्यात भार उतरवत जातं. टोकाशी धाग्यावर ताण जवळजवळ शून्य, आत आत जावं तसा तो वाढतो. म्हणजे धागा पुरेसा लांब असला तरच त्याच्या मध्यावर पुरा भार चढतो आणि त्याची खरी ताकद कामाला येते. भुशाचा कण जेमतेम रुंदीच्या तीन-चार पट लांब. त्याच्यात भार चढायच्या आतच त्याचं दुसरं टोक येतं. मग सगळीकडे तंतूच का घालत नाहीत, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. तंतू फुगतात, एकमेकांत गुंततात, यंत्राच्या नरसाळ्यातून खाली उतरत नाहीत, आणि उतरले तरी आतल्या मळसूत्राच्या रेट्यात निम्मेशिम्मे तुटतात. पीठ बापडं सुळकन वाहतं आणि गिरणीत ढिगाने मिळतं. म्हणून बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांत पीठच असतं.

धंदा म्हणून हे अमेरिकेत 1983 च्या सुमारास नावारूपाला आलं. विस्कॉन्सिनमधल्याच शेबॉयगन गावी एका कारखान्याने इटलीहून तंत्र आणून निम्मं पीठ, निम्मं पॉलिप्रॉपिलीन असे मोटारीच्या आतल्या बाजूचे पत्रे काढले. नंतरच्या दशकात व्हर्जिनियातल्या ट्रेक्स कंपनीने टाकाऊ पिशव्या आणि भुसा यांतून घरामागच्या ओट्याच्या फळ्या केल्या, आणि त्या तिकडे घरोघरी गेल्या. लोकांना वाटलं, आता लाकूड प्लास्टिकच्या आत सुरक्षित गुंडाळलं गेलं, ते सडायचं नाही. पण निम्मं लाकूड असलं की कणाला कण टेकतो आणि पाण्याला कणाकणांतून आत शिरायला वाट मिळते, फक्त फार हळू. 1998 साली संशोधकांनी लिहून ठेवलं, की फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या अशाच फळ्यांच्या पायवाटेवर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची छत्री उगवली आहे. ते वाचलं तेव्हा मला त्या बुरशीचं भारी कौतुक वाटलं; कितीही लपवलंत तरी झाड कुठे आहे ते तिला कळतं.

दुसरा दोष प्लास्टिकच्या बाजूचा. भार ठेवला की ते एकदम तुटत नाही, महिनोन्‌महिने हळूहळू खचत जातं, आणि उन्हाने तापलं की जास्तच. म्हणून परदेशात अशा फळ्यांखालचे आधार लाकडी फळ्यांच्या आधारांपेक्षा कमी अंतरावर घालतात. आपल्याकडे चौकटींत बहुतेक पीव्हीसी आणि लाकडाचं पीठ असतं. बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेत बांबूचे तंतू घालूनही प्रयोग झालेले आहेत, आणि मला त्यात मोठी आशा दिसते, कारण बांबूचा तंतू लांब.

आता निकाल सांगतो. चांगल्या प्रतीच्या अशा पट्टीपेक्षा सागाची उभी पट्टी जवळपास तिप्पट ताठ भरते. झाडाने तंतू एका दिशेने उभे रचलेले असतात. आपण त्यांचं पीठ करतो तेव्हा ती रचनाच मोडतो, आणि मग मध्यस्थाच्या मदतीने थोडंफार परत मिळवतो. म्हणून न्हाणीघराचं दार, बाल्कनीचा पडदा, बागेतला बाक, याला ते अवश्य वापरा; भुसा आणि पिशव्या सत्कारणी लागतील आणि एखादं झाड वाचेल. तुळईला, वाशाला, माळ्याच्या आधाराला मात्र त्याच्यावर विसंबू नका. आणि एक कळकळीची विनंती आहे. चौकट बसवून उरलेले तुकडे लाकडासारखे दिसतात, म्हणून आपल्या गावोगावच्या घरांत ते पाणी तापवायच्या बंबात जातात. तसं करू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो डोळे आणि छाती जाळतो, आणि बंबाजवळ सकाळी बसलेली असतात ती घरातली म्हातारी माणसं आणि अंघोळीला आलेली पोरं. ते तुकडे सुतारालाच परत न्यायला सांगा.